आईनं अंगावर घेतलेलं दुखणं

माझ्या आईला मद्रासमधल्या आमच्या लोकांत मोठी मागणी होती. ती कशासाठी, हे आज सांगितलं तर मुलं हसतात. तिचा विटाळ फार लवकर गेला होता. बरोबरीच्या बायका अजून महिन्याच्या महिन्याला मागच्या पडवीत दूर बसत होत्या, आणि आई त्यातून कधीच मोकळी झाली होती. तेच तिचं भांडवल.

आमचे लोक म्हणजे तंजावरकडचे मराठी. घरात आमची जुनी मराठी, ‘सगळं’ला ‘अस्कं’ आणि ‘पाहते आहे’ला ‘पाहूलाली’ म्हणणारी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी. बाकी काही सुटलं तरी श्राद्धपक्ष सुटला नव्हता. लग्नाचा मुहूर्त पुढच्या महिन्यावर टाकता येतो, गेलेल्या माणसाची तिथी टाकता येत नाही. त्या दिवशीचा स्वयंपाक सोवळ्यातच व्हायला हवा. आमच्याकडे सोवळ्याला मडी म्हणत. घरच्या सुनेचं काय सांगावं, नेमकी त्याच सकाळी ती दूर बसायची. म्हणून वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, तिथी सांगतानाच सांगून टाकत, “मामींना बोलवा, काळजी नको.” मामी म्हणजे माझी आई.

आई पहाटे न्हाऊन, आढ्याखालच्या वेळूवर वाळत घातलेलं लुगडं काठीनं खाली घेई आणि ते नेसून निघे. मग तिला कोणी शिवायचं नाही. परक्या घरात जाऊन ती मिरचीऐवजी मिरे घालून आमटी करी, कच्च्या केळ्याची भाजी, उडदाचे वडे, खीर. चूल दुसऱ्याची, पण त्या दिवशीचं राज्य तिचं. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून, “मामी, थोडं पाणी मिळेल का?” असं विचारत, आणि आई “थांबा” म्हणे. घरी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदाही “थांबा” न म्हणालेली माझी आई! अप्पा तांबरमला एका कचेरीत कारकून होते. त्यांच्या पगारात घर चाले. त्यापलीकडचं जे काही, माझी टायपिंगच्या क्लासची फीसुद्धा, ते आईच्या दक्षिणेतून होई.

माझं दुखणं पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू झालं. दुखणं म्हणायचीही तेव्हा सोय नव्हती. सगळ्याच मुलींचं दुखतं, तुझं जरा जास्त, एवढंच. मागच्या पडवीत गोणपाटावर पोटाशी गुडघे घेऊन मी पडून असे. कंबरेतून कोणीतरी पीळ घालतंय आणि तो पीळ मांड्यांपर्यंत उतरतोय, असं वाटे. उलट्या होत. शुद्ध हरपे. आईला स्वयंपाकाला जायचं असलं की ती मडीत चार हातांवर उभी राहून तोंडानं समजूत घाली. जवळ यायची सोय नव्हती. मी चिडून म्हणे, “जा तू, तुझे पितर वाट पाहत असतील.” तिचं तोंड एवढंसं होई आणि ती जाई.

पुढे मला गिंडीला नोकरी लागली. कारखान्यांची नवी वसाहत उभी राहत होती, नटबोल्ट करणारा छोटासा कारखाना होता, तिथे मी पत्रं टाईप करायला बसले. मालक तमिळ होता, माणूस वाईट नव्हता, पण न भरलेल्या दिवसाचा पगार कापायचा. दर महिन्याला दोन-तीन दिवस माझे बुडायचेच. कारण काय सांगणार? मला ताप येई, चुलतबहिणींची लग्नं निघत, म्हाताऱ्या मरत. एका आजीला मी दोनदा मारलं. दुसऱ्या वेळी मालक टायपरायटरकडे बघत म्हणाले, “तुझ्या घरच्या लोकांना मी महिनाअखेरीला मरू नका म्हणून सांगायला हवं.” मी हसले. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी दुसरी मुलगी ठेवली. मला त्यांचा राग आला नाही, माझाच आला. निरोगी मुलीची जागा आपण अडवून बसलो होतो असंच वाटत राहिलं.

मांबलमला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्तवाढीचं टॉनिक दिलं, इंजेक्शनं लिहून दिली आणि आईला आत बोलावून म्हणाल्या, “लग्न करून टाका. एक मूल झालं की सगळं आपोआप थांबेल.” त्या काळी सगळे हेच सांगत. म्हणजे लग्न हे औषध ठरलं. आणि ते औषध हवं असेल तर दुखणं लपवायला हवं, कारण पोटाचं असं काही आहे म्हटल्यावर मुलगी करणार कोण? आमचे लोक मोजके, ह्याची सून त्याची भाची. एका घरात शिंकलं की दुसऱ्या घरात रुमाल शोधत. आई म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची.” मीही मूठ घट्ट आवळली.

मैलापूरला एक मोठं घर होतं. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंना सगळे मोठ्या आजी म्हणत. त्यांच्या यजमानांच्या श्राद्धाचा स्वयंपाक दर वर्षी आईच करायची. आजींचा धाकटा मुलगा बँकेत होता, लग्नाचा होता, आणि आजींनी सुनेच्या हळदीकुंकवाच्या दिवशी मला जवळ बसवून बराच वेळ निरखलं होतं. आईनं तेवढ्यावरून स्वर्ग गाठला. “वरीस संपायच्या आत बघ,” म्हणायची.

त्या वर्षीच्या तिथीला आई मडी नेसून तयार होती. आजींचा थोरला मुलगा टॅक्सी घेऊन दारात आला होता. मला त्या महिन्यात हिशेबाबाहेर, आठ-दहा दिवस आधीच सुरू झालं होतं. ते असं बेभरवशाचं होऊ लागलं होतं. मी मागच्या अंगणात विहिरीकडे जायला उठले आणि विहिरीच्या कठड्यापाशीच कोसळले. डोकं दगडावर आपटलं. आवाज ऐकून आई धावत आली आणि तिनं मला उचललं. दोन्ही हातांनी, छातीशी धरून. ती मडीत होती, मी दूर होते. तिनं एक क्षणही विचार केला नाही. तिच्या लुगड्याला माझं रक्त लागलं.

पुन्हा न्हाऊन दुसरी मडी नेसता आली असती. वेळूवर दुसरं लुगडं होतं. उशीर झाला असता, बोलणी खावी लागली असती, पण जमलं असतं. मीच तिचा पदर सोडला नाही. इतक्या वर्षांत आई त्या दिवसांत मला पहिल्यांदा शिवली होती, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हणत होते, “जाऊ नको, आई, जाऊ नको.”

पुढच्या दारातून आजींच्या थोरल्याची हाक आली, “मामी, टॅक्सी उभी आहे. अम्मा वाट पाहूलाली.”

आईनं मला धरलेलंच होतं. ती तिथूनच मोठ्यानं म्हणाली, “येऊ होत नाही रे, बाळा. मी दूर आहे.”

“तुम्ही?” तो गडबडला. “तुमचं तर…”

“पुन्हा आलं मणून सांग अम्माला. दुसऱ्या कोणाला तरी बोलवा.”

मी ते ऐकलं. माझ्याच पोटावर तिचा हात होता. आणि मला काय वाटलं असेल? सुटले, असं वाटलं. माझं नाव निघालं नाही. आपली मूठ झाकलेलीच राहिली. आईनं काय सांगून टाकलं आहे, हे मला तेव्हा कळलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. कळलं होतं.

थांबलेलं पुन्हा सुरू झालेल्या बाईला मडीच्या स्वयंपाकाला कोण बोलावणार? महिन्याच्या महिन्याला बसणाऱ्या बायकांचा निदान अंदाज तरी असतो. वाध्यारांनी एका आठवड्यात सगळ्या घरांना नवी बाई सुचवली. ती पालघाटकडची विधवा होती, तिचे वडे तेल पीत, पण ती भरवशाची होती. आईची बोलावणी थांबली ती थांबलीच. आई म्हणाली, “बरं झालं, धुरातनं सुटले.” पण तिथीच्या सकाळी ती अजून पहाटेच उठायची. आंघोळ करून, काही काम नसताना, स्वयंपाकघरात उभी राहायची.

खोटं एकदा बोलून भागत नाही, ते रोज पोसावं लागतं. वाध्यार घरी आले की आई मागच्या पडवीत जाऊन बसे. बायका समाचाराला येत, हळू आवाजात “थांबून परत येणं बरं नव्हे हो” म्हणत, आणि काढे सुचवत. कोणी अशोकाची साल आणून दिली, कोणी सैदापेठच्या वैद्याचं लेह्य, म्हणजे चाटण. आई त्यांच्यासमोर पोट धरून, डोळे मिटून औषधं घ्यायची, आणि त्या गेल्या की तीच मला पाजायची. लोक आईला औषध देत होते आणि माझ्या पोटात ते जात होतं. आम्ही दोघी यावर हसतही असू. मीसुद्धा.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ते तर झालंच नाही. मोठ्या आजींनी धाकट्यासाठी कुंभकोणमची मुलगी केली. वाध्यारांनी कारण आडून सांगितलं, पण कळेल एवढं स्पष्ट सांगितलं: जिच्या आईच्या पोटात असलं काही आहे, तिची मुलगी कशी करायची? रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते असं. आईनं माझं दुखणं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि ते तिच्या अंगावरून पुन्हा माझ्याच अंगावर आलं. मधल्या मध्ये तिची चूल मात्र विझली. ती अप्पळम, म्हणजे पापड, लाटून दुकानाला द्यायला लागली. त्याला सोवळं लागत नाही आणि कोणी तुम्हाला पाणीही मागत नाही.

त्यानंतरची वर्षं बाटल्यांची. एक डॉक्टर, मग दुसरा. एकानं अपेंडिक्स म्हणून सांगितलं, एकानं मनाचा रोग. प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करी, प्रत्येकाची बाटली वेगळ्या रंगाची. अप्पांना तांबरमच्या पलीकडे जमिनीचा तुकडा घ्यायचा होता, त्यासाठी ते प्रॉव्हिडंट फंडाला हात लावत नव्हते. पुढे हात लावला, मग तो लावतच गेले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं. आजही गाडी तांबरम सोडून पुढे निघाली की मी मांडीवरच्या पुस्तकात तोंड घालते.

शेवटी सरकारी इस्पितळात एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून पाहायचं ठरवलं. बायकांच्या वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या. माझ्या खाटेखाली चटईवर एक बाळंतीण पडलेली असे, एन्नोरकडची, कोळी वस्तीतली. तिचं बाळ रडलं की मी खाटेच्या कडेला सरकून त्याच्याकडे बघे. तिला खाट हवी होती, मला मिळाली होती, आणि तीही कशासाठी, तर जे सगळ्या बायकांचं दुखतं त्यासाठी. मी तिला एकदा म्हटलं, “तुम्ही वर या, मी खाली झोपते.” ती तमिळमध्ये म्हणाली, “गप पड. तुला हौस आहे म्हणून आलीस का इथे?” इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. गर्भाशयाच्या आत असावं ते अस्तर बाहेर, भलतीकडेच रुजलं होतं, ते महिन्याच्या महिन्याला आतल्या आत रक्त सोडत होतं, त्याच्या गाठी झाल्या होत्या. एक अंडाशय काढावं लागलं. त्यांनी रोगाचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस, आणि ते मला दोनदा म्हणायला लावलं. “मूल होणं कठीण आहे,” म्हणाल्या. “पण तू वेडी नाहीस. इतकी वर्षं कुठे होतीस? आधी आली असतीस तर इतकं कापावं लागलं नसतं, ही खाटही इतके दिवस अडली नसती.” त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. त्यांच्या मागे आणखी सगळा वॉर्ड होता. मी त्यांची माफी मागितली. त्यांना ती कशाबद्दल ते कळलं नाही.

दुखणं पुष्कळ कमी झालं. मी पुन्हा गिंडीलाच दुसऱ्या एका कारखान्यात लागले. लग्नाचा विषय माझ्यापुरता संपला होता, आणि तो संपल्याचं मला बरंही वाटत होतं, कारण आता मूठ झाकायचं कारण उरलं नव्हतं. मी ठरवलं की मोठ्या आजींना जाऊन खरं सांगायचं. त्यांनी एकदा आईला बोलावलं की बाकीची घरं आपसूक मागून येतील. आईला तिची चूल परत मिळवून द्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईला मी काही बोलले नाही.

आजी झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. आईचं कधीच काही परत आलं नव्हतं. ते माझं होतं. त्या दिवशी तिनं मला उचललं म्हणून ती आली नाही. मी इस्पितळाचं सांगितलं, रोगाचं नावही सांगितलं. आजींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी मला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आईसाठी किती करूलालीस गं तू,” त्या म्हणाल्या. “आईचं काम सुटलं मणून स्वतःला डाग लावून घेतीस? कोण मुलगी असं करते?”

“आजी, मी खरं सांगते आहे.”

“मला कळतं, बाळ. सांगू नको अस्कं. मी काय तुला आज बघते का? तुझी आई कधी खोटं बोलली नाही. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.”

मी आणखी सांगत राहिले. मी जितकं सांगत गेले, तितकं त्यांना माझं कौतुक वाटत गेलं. पोटावरची खूण दाखवू का, असंही म्हणून गेले. त्यांनी घाईनं माझा हात धरला. “छे, छे, असलं काही बोलू नये,” म्हणाल्या. निघताना त्यांनी सुनेला हाक मारून मला कुंकू लावायला लावलं, पदरात नारळ आणि फळं घातली. मी ती घेतली आणि घरी आले.

काही दिवसांनी वाध्यार घरी आले. आई सवयीनं मागच्या पडवीत जाऊन बसली. वाध्यार तिला ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं अप्पांना सांगू लागले. मोठ्या आजी सगळीकडे तुमच्या मुलीचं नाव काढतात. मुलगी असावी तर अशी. आईला पुन्हा मान मिळावा म्हणून तिचं दुखणं स्वतःच्या माथी घ्यायला निघाली, स्वतःच्या लग्नाचाही विचार केला नाही. अप्पा खाली बघत राहिले. मी दाराआड उभी होते. आता आई मला फाडून खाणार, असं वाटलं.

वाध्यार गेले. आई आत आली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी तसा तो तिच्या मडीच्या दिवसांनंतर पाहिला नव्हता.

“ऐकलंस?” ती म्हणाली. “मैलापुरापर्यंत तुझं नाव झालं. आता बघ, अशा मुलीला कोणीतरी मागणी घालीलच. एखादा बिजवर, मुलंबाळं असलेला, त्याला काय हवं? गुणी बाई हवी.”

“आई, मी तुझ्यासाठी गेले होते. तुला परत बोलवावं म्हणून.”

“वेडी गं तू,” ती म्हणाली आणि अप्पळमचं पीठ पुढ्यात ओढलं. “माझं खोटं कुठेतरी कामाला आलं, पुष्कळ झालं. आता पुन्हा कुणाला खरं सांगायला जाऊ नको. सांगणार नाही मण.”

मी “नाही सांगणार” म्हटलं. मला हलकं वाटलं. विहिरीपाशी वाटलं होतं तसंच, सुटल्यासारखं. आई गाणं गुणगुणत लाटायला बसली आणि मी तिच्यासमोर बसून लाट्या करून देत राहिले. कोणी मागणी घातली नाही. आईला शेवटपर्यंत कोणी स्वयंपाकाला बोलावलं नाही, आणि ती गेल्यावर तिच्या वर्षश्राद्धाला मी त्या पालघाटच्या बाईंना बोलावलं.